तुमच्या नावावर दुसऱ्यानेच काढलेलं कर्ज : नागपुरात तक्रार कुठे, कागद कोणते, मुदत किती

सगळ्यात आधी एक गोष्ट. जे कर्ज तुम्ही घेतलंच नाही, त्याचा एकही हप्ता भरू नका. वसुलीवाला फोनवर म्हणतो, "तीन हजार टाकून द्या, फाईल बंद करून देतो." रक्कम लहान असते, घरकर्ज अडलेलं असतं, म्हणून माणूस भरून मोकळा होतो. प्रकरण बिघडतं ते इथेच. पैसे भरले की कर्ज मान्य असल्याचा पुरावा तुम्हीच तयार करून देता. थकबाकीपेक्षा कमी रकमेत तडजोड झाली, तर तुमच्या क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्जांच्या नोंदीत, त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढची प्रत्येक बँक तो वाचते. खातं बंद होणं आणि ते तुमच्या नावावरून निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला दुसरी हवी आहे.

आधी अहवाल काढा, चारही

प्रत्येकाच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार क्रेडिट माहिती कंपन्या भारतात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून दर कॅलेंडर वर्षी एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे, त्यामुळे 'सिबिल दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्याचं काही कारण नाही. एकच अहवाल पाहून थांबू नका. एका कंपनीकडे न दिसलेलं खातं दुसरीकडे दिसू शकतं. बचत गटाच्या पद्धतीने दिलेली सूक्ष्म कर्जं शोधायची असतील, तर क्रिफ हाय मार्कचा अहवाल नक्की पाहा.

बरेच जण स्कोअर पाहून अहवाल मिटवतात. तो शेवटपर्यंत वाचा. खात्यांच्या यादीत कर्जदात्याचं नाव, कर्जाचा प्रकार, उघडल्याची तारीख, मंजूर रक्कम आणि महिनावार थकबाकी असते. त्या महिन्यांच्या चौकटीत 000 म्हणजे हप्ता वेळेवर, 030 म्हणजे तीस दिवस उशीर, आणि एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहितीच कळवलेली नाही. त्यानंतर 'एन्क्वायरी'चा भाग येतो. कोणत्या बँकेने कोणत्या तारखेला तुमचा अहवाल मागवला, ते तिथे दिसतं. तुम्ही अर्ज न करता तिथे नोंद असेल, तर कोणीतरी तुमच्या नावाने कर्जाचा प्रयत्न केलेला असू शकतो, भले ते मंजूर झालं नसेल. शिवाय वैयक्तिक माहितीत तुमच्या नावाखालचे सगळे पत्ते, मोबाइल नंबर आणि ईमेल असतात. तुम्ही मानेवाड्यात राहता आणि तिथे कधी न पाहिलेल्या वस्तीतला पत्ता व अनोळखी नंबर दिसला, तर भामट्याने अर्जात काय लिहिलं होतं ते तुमच्या हाती आलं. त्या पानाची प्रत जपून ठेवा.

फसवणूक आहे की गोंधळ, हे तपासा

अनोळखी नाव दिसलं म्हणजे फसवणूकच झाली, असं नाही. तुम्ही एखाद्या अ‍ॅपवरून किंवा मोबाइलच्या दुकानातून हप्त्यावर खरेदी केली असेल, तर अहवालात अ‍ॅपचं किंवा दुकानाचं नाव येत नाही. मागे पैसे लावणाऱ्या वित्त कंपनीचं येतं. तुमचं जुनं कर्ज बँकेने मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं असेल, तर ते तिच्या नावाने दिसतं. मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तर तेही तुमच्या अहवालात येतं, आणि तिथे सही तुमचीच असते. चौथा प्रकार नावसारखेपणाचा : दोन माणसांचं नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणून एकाचं खातं दुसऱ्याच्या फाईलमध्ये जातं. तिथे पॅन आणि पत्ता दाखवून दुरुस्ती होते, पोलिसांकडे जावं लागत नाही. हे चारही प्रकार बाजूला काढल्यावर जे उरतं, त्यासाठी पुढची प्रक्रिया आहे.

अर्ज कोण करू शकतो, जोडायचं काय

ज्याच्या नावावर खातं आहे, त्याने स्वतः अर्ज करायचा. आई-वडील थकलेले असतील, तर त्यांच्या सहीचं अधिकारपत्र जोडून मुलगा किंवा मुलगी पाठपुरावा करू शकते. मृत व्यक्तीच्या नावावर कर्ज दिसलं, तर वारसाने मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा.

एकाच फाईलमध्ये हे ठेवा : पॅन आणि आधारची प्रत (आधारचे शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क केलेली प्रत चालते का, ते आधी विचारा), कर्ज उघडलं त्या काळातला पत्त्याचा पुरावा, अहवालाची प्रत, पोलिसांच्या कागदाची प्रत आणि कर्ज वाटपाच्या महिन्याच्या आगेमागे तीन-तीन महिन्यांचं तुमच्या प्रत्येक बँक खात्याचं विवरण. यातला शेवटचा कागद लोक हमखास विसरतात आणि तोच सर्वात भारी पडतो, कारण कर्जाची रक्कम तुमच्याकडे आलीच नाही, हे त्यातून दिसतं. प्रत्येक झेरॉक्सवर आडवी रेघ मारून 'फक्त तक्रारीसाठी' आणि तारीख लिहा. कोऱ्या झेरॉक्सवरूनच पुढचं कर्ज निघतं.

काही कर्जदाते प्रतिज्ञापत्र मागतात. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात त्यासाठी शंभराऐवजी पाचशेचा मुद्रांक लागतो. म्हणून मागणी लेखी आल्याशिवाय करून बसू नका.

पोलीस तक्रार

नुकतंच, एक-दोन दिवसांत कर्ज निघाल्याचं कळलं असेल, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. पैसा अजून कुठल्या खात्यात असला, तर तो तिथेच अडवता येतो. जुन्या कर्जासाठी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोच क्रमांक लिहून ठेवा. मात्र हा क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. कर्जदाते बहुतेकदा एफआयआरच मागतात, म्हणून शहरात राहणाऱ्यांनी आपल्या हद्दीतल्या ठाण्यात किंवा नागपूर शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. काटोल, सावनेर, उमरेड, रामटेककडच्या लोकांचं ठाणं नागपूर ग्रामीणमध्ये येतं. 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा उल्लेख करा. हद्द कुठलीही असली तरी खबर नोंदवून घ्यावी लागते आणि तिची प्रत तक्रारदाराला मोफत द्यावी लागते. तरीही नकार मिळाला, तर तीच तक्रार पोस्टाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे पाठवता येते. शहरात पोलीस उपायुक्त, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षक. त्यानंतरची पायरी न्यायदंडाधिकाऱ्यांची.

'माझी फसवणूक झाली' एवढंच तक्रारीत लिहू नका. खाते क्रमांक, कर्जदात्याचं नाव, उघडल्याची तारीख, रक्कम, अहवालातला अनोळखी पत्ता आणि नंबर, सगळं लिहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 क दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल आहे, 66 ड संगणकाच्या आधारे तोतयेगिरीने फसवण्याबद्दल. खोटी सही असेल, तर भारतीय न्याय संहितेतली बनावट दस्तऐवजाची कलमंही लागतात. कलमं ठरवणं पोलिसांचं काम आहे, पण वस्तुस्थिती पूर्ण नसेल तर तेही अडतात.

खरी लढाई कर्जदात्याशी

बहुतेकांची गाडी इथे अडते. लोक सिबिलकडे तक्रार करतात आणि उत्तर येतं, 'कर्जदात्याने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे.' क्रेडिट माहिती कंपनी स्वतःच्या अखत्यारीत खातं काढत नाही. ती कर्जदात्याला विचारते आणि त्याने 'हो' म्हटल्यावरच बदल करते. म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज द्या, पण कागदाचा जोर कर्जदात्याकडे लावा.

शाखेत तोंडी सांगून उपयोग नाही. बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतं. त्या ईमेलवर पाठवा, शिवाय प्रत शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. शाखा पोच देत नसेल, तर स्पीड पोस्ट करून पावती जपा. पत्राचा मजकूर असा ठेवा :

"आपल्या नोंदीतील कर्ज खाते क्रमांक अमुक, दिनांक अमुक, रक्कम अमुक, हे मी घेतलेले नाही. मी अर्ज, करार किंवा हप्ता वसुलीची संमती दिलेली नाही व रक्कम मला मिळालेली नाही. कृपया पुढील प्रती द्याव्यात : अर्ज, केवायसी कागद व छायाचित्र, सही केलेला किंवा ओटीपीने मान्य केलेला करार, ओटीपी ज्या मोबाइल नंबरवर गेला तो नंबर, रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील, वस्तू कर्ज असल्यास विक्रेता व वस्तू दिल्याची पावती. चौकशी पूर्ण होईपर्यंत वसुली थांबवावी. खाते माझे नसल्याचे चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवून माझ्या अहवालातून काढून टाकावे व तसे लेखी पत्र द्यावे."

रक्कम कोणत्या खात्यात गेली, हा प्रश्न या पत्राचा कणा आहे. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम असा की, काही ठरावीक अपवाद सोडले, तर पैसा थेट कर्जदाराच्या बँक खात्यात गेला पाहिजे. तो तुमच्या नावाच्या खात्यात गेला नसेल, तर कर्जदात्याला आपल्याच चुकीचं उत्तर द्यावं लागतं. खातं तुमच्या नावाचं आहे, पण तेही तुम्ही उघडलेलं नाही, असं निघालं तर त्या बँकेलाही हेच पत्र पाठवा. दुचाकी किंवा मोबाइलच्या कर्जात वस्तू कोणाच्या हातात दिली, ते विचारा. दुचाकीची आरटीओ नोंदणी कोणाच्या पत्त्यावर झाली, तेही पाहा.

या काळात वसुलीवाले सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत. कॉलची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे उपयोगी पडतं.

तीस दिवस आणि रोजचे शंभर रुपये

क्रेडिट माहिती कंपनीकडचा अर्ज ऑनलाइन आणि मोफत असतो. अहवालावरचा नियंत्रण क्रमांक (कंट्रोल नंबर) टाकायचा, खातं निवडायचं आणि 'हे खातं माझं नाही' हा प्रकार धरायचा. रक्कम किंवा हप्त्यांच्या चुकीचा प्रकार निवडलात, तर फक्त आकडे तपासले जातात आणि खातं तुमच्याच नावावर राहतं. असं वारंवार घडतं.

तक्रार दिल्यापासून 30 दिवसांत ती निकाली निघाली पाहिजे. त्यातले पहिले 21 दिवस कर्जदात्याने दुरुस्त माहिती कळवण्यासाठी असतात. रिझर्व्ह बँकेच्या 26 ऑक्टोबर 2023 च्या परिपत्रकाने आलेल्या नियमानुसार 30 दिवसांपुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. 45 व्या दिवशी काम झालं, तर 15 दिवसांचे 1500 रुपये. कर्जदात्याने उशीर केला तर तो देतो. त्याने वेळेत कळवूनही क्रेडिट कंपनीने रेंगाळवलं, तर ती देते. ही रक्कम तक्रार निकाली निघाल्यापासून पाच कामकाजी दिवसांत खात्यात यायला हवी, म्हणून अर्जात बँक खातं किंवा यूपीआयचा तपशील भरून ठेवा. अर्ज फेटाळला, तर कारण कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत जा. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत चकरा मारायची गरज नाही. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर होते, माहितीसाठी 14448 क्रमांक आहे. बँका, वित्त कंपन्या, क्रेडिट माहिती कंपन्या, सगळ्यांविरुद्ध तिथेच जायचं. शुल्क नाही. वकिलामार्फत तक्रार चालत नाही, स्वतःच्या नावाने करा. आधी कर्जदात्याकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल, तर अर्ज परत येतो. त्याच वादावर न्यायालयात दावा चालू असेल तरीही नाकारला जातो. पोलीस तपास चालू असणं मात्र आड येत नाही. पतसंस्थेचं कर्ज असेल, तर हा मार्ग नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, तिथे जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा लागतो.

नोटीस आली तर

लोकअदालत, लवाद किंवा धनादेश न वटल्याची नोटीस आली, तर ती पेटीत टाकून ठेवू नका. गप्प राहिलात, तर एकतर्फी निर्णय होऊ शकतो. लोकअदालतीत हजर राहा, कर्ज अमान्य असल्याचं लेखी द्या आणि तडजोडीच्या कागदावर सही करू नका. तिथली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

यातला सर्वात अवघड प्रकार घरातला. भाच्याने आत्याच्या आधारवर मोबाइल काढला, गट चालवणाऱ्या बाईने सदस्यांचे कागद वापरून जास्तीचं कर्ज उचललं. नातं तुटेल म्हणून लोक तक्रार टाळतात, तोवर थकबाकी वाढते. घरातल्या माणसाला वाचवायचं की स्वतःचं नाव, हे तुम्हीच ठरवायचं आहे. पण 'कोणी घेतलं माहीत नाही' असं खोटं लिहून तक्रार देऊ नका. तपासात ओटीपीचा नंबर घरातलाच निघाला, तर संशय तुमच्यावर येतो.

दार बंद करा

आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा आणि गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे वापरला गेला, तो इतिहास पाहा. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत, ते दिसतं. अनोळखी नंबर तिथूनच 'माझा नाही' म्हणून कळवता येतो. खोट्या कर्जाचा ओटीपी बहुतेकदा अशाच नंबरवर गेलेला असतो.

आणि क्रेडिट अहवालातला मोबाइल नंबर दुरुस्त करून घ्या. तुमचा अहवाल कुणी मागवला की क्रेडिट कंपनी एसएमएस किंवा ईमेल पाठवते. नोंदीत भामट्याचाच नंबर राहिला, तर पुढच्या कर्जाची सूचना त्यालाच जाते.

खातं निघाल्यावर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा चारही अहवाल तपासा, आणि कर्जदात्याचं 'हे खाते या व्यक्तीचे नाही' असं पत्र कायम जपा. असं थकीत कर्ज कधी कधी दुसऱ्या कंपनीला विकलं जातं आणि वर्षभराने नव्या नावाने पुन्हा अहवालात उगवतं. तेव्हा सगळं पहिल्यापासून करत बसू नका. तेच पत्र आणि एफआयआरची प्रत जोडून नव्या कंपनीला पाठवा, आणि 30 दिवसांची मोजणी त्या दिवसापासून धरा.