वॉर्डन नसलेलं घर

एकत्र राहण्याची सोय कोल्हापूरला नवी नाही. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ पासून, इथं एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. पण बोर्डिंगला वर कुणीतरी असतो. व्यसनातून सुटलेले लोक स्वतः चालवतात त्या घरात रेक्टर नसतो, समुपदेशकही मुक्कामाला नसतो.

ही पद्धत अमेरिकेतली. १९७५ साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला प्रशासनानं पैसे वाचवायला एक पुनर्वसनगृह बंद करायचं ठरवलं. तिथल्या पॉल मॉलॉय आणि इतर रहिवाशांनी तेच घर भाड्यानं घेतलं आणि 'ऑक्सफर्ड हाउस' सुरू झालं. जुन्या घरात सहा महिन्यांनी निघावंच लागे, आणि निघालेले बरेच जण परत पिऊ लागत. म्हणून त्यांनी मुदतच काढून टाकली. नियम मोजके: कारभार मतदानानं, खर्च वर्गणीतून, नशा केली तर त्याच दिवशी बाहेर. नव्या माणसाला ८० टक्के मतं लागतात. पदं सहा महिन्यांसाठी, म्हणजे कुणी कायमचा कारभारी होत नाही. १९८८ च्या कायद्यानं किमान सहा जणांच्या गटाला ४,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळू लागलं, दोन वर्षांत फेडायचं. फेडलेला पैसा पुढच्या घराला. आपल्या भिशीच्या जवळ जाणारा हिशेब. डीपॉल विद्यापीठानं १५० जणांवर केलेल्या अभ्यासात (२००६) दोन वर्षांनी नशा करणारे या घरांत सुमारे ३१ टक्के होते, नेहमीच्या व्यवस्थेत ६५.

आपल्याकडे पुण्यातलं मुक्तांगण १९८६ चं, पण ते उपचार केंद्र. उपचारासाठी माणसं ठेवायची तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी लागते, म्हणून असल्या घरानं औषधोपचारात हातच घालू नये. दारू तोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दवाखान्यातून सावरून आलेल्यालाच प्रवेश द्यावा.

घर बहुतेक वेळा भाड्यावरून मोडतं. ११ महिन्यांचा करार एकाच्याच नावावर असला आणि तोच घसरला, तर बाहेर कोण जाणार? करारात तिघांची नावं घालावीत. १२,००० भाडं सहा जणांत २,००० पडतं. एक गेला की २,४००. महिन्याभराचं भाडं बँकेत शिल्लक हवं, दोन सह्यांच्या खात्यात. घरातल्या कपाटात अजिबात नको.

आणि प्रवेशाच्या दिवशीच वहीत लिहून घ्यावं, काढावं लागलं तर हा कुणाकडे जाईल. नाहीतर रात्री अकराला त्याला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडवर, सोडायची पाळी येते, दया येते, आणि नियम पहिल्यांदा मोडतो तो तिथं.