शाळेतील ॲनाफिलॅक्सिस : कर्मचाऱ्यांची पूर्वतयारी

ॲनाफिलॅक्सिस ही ॲलर्जीची झपाट्याने वाढणारी, जीवघेणी ठरू शकणारी प्रतिक्रिया होय. शाळेत ती बहुधा शेंगदाणे, काजू-अक्रोड, दूध, अंडी, तीळ, मासे अशा खाण्यातून किंवा गांधीलमाशी-मधमाशीच्या दंशातून उद्भवते. तिच्यावरचा पहिला इलाज एकच : मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. नेमके निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. सबळ संशय येताच इंजेक्शन देणे हे मात्र आहे, आणि प्रशिक्षणाचा भर इंजेक्शन देतानाचा संकोच घालवण्यावर हवा.

अंगावर गांधी उठतील तेव्हाच पाहू, ही सर्वांत महागात पडणारी समजूत. काही रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही. आवाज घोगरा होणे, सतत खोकला, धाप, छातीत घरघर, वारंवार उलट्या, भोवळ, चेहरा पांढराफटक पडणे, ही धोक्याची चिन्हे. लहान मुले ‘जिभेला काटे टोचतायत’ किंवा ‘घशात काहीतरी अडकलंय’ एवढेच सांगतात. एखादे मूल नुसतेच मलूल होते. दम्याच्या मुलाला इनहेलर देऊन वाट पाहत बसणे ही नेहमीची चूक. ॲलर्जीचा संशय असेल तर आधी ॲड्रिनॅलिन, मग इनहेलर. ॲलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, पण तिला वेळ लागतो आणि ती श्वासमार्गाची सूज वा घसरलेला रक्तदाब सावरत नाही.

ऑटो-इंजेक्टर म्हणजे ठरलेला डोस भरलेले, स्प्रिंगवर चालणारे पेन. लहान मुलांसाठी ०.१५ मिलिग्रॅम, तर साधारण २५ ते ३० किलोंच्या पुढे ०.३ मिलिग्रॅमचे पेन वापरतात. वजनाची नेमकी मर्यादा देशागणिक बदलते. सुरक्षा-टोपण काढायचे, पाय घट्ट धरायचा, पेन मांडीवर दाबायचे आणि त्याच्यावर लिहिलेले सेकंद (३ ते १०) तसेच धरून ठेवायचे. गणवेशाच्या कापडातूनही सुई जाते. मात्र खिशातली नाणी, किल्ल्या आणि जाड शिवण टाळावी. घाईत पेन उलटे धरल्याने सुई स्वतःच्या अंगठ्यात घुसते आणि मुलाचा डोसही वाया जातो. टोकावर अंगठा ठेवायचाच नाही, मुठीत धरायचे, हे सराव-पेनवर (सुई आणि औषध नसलेल्या) हाताला वळण लागेपर्यंत घोटावे. सराव-पेन खऱ्या पेनांत मिसळू देऊ नये.

मुलाला आडवे करून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर पाय लांब करून बसू द्यावे. उलटी होत असल्यास किंवा शुद्ध हरपली पण श्वास चालू असल्यास कुशीवर वळवावे. श्वास थांबल्यास लगेच सीपीआर (छातीवर दाब आणि कृत्रिम श्वास). उठवून उभे करणे, कार्यालयापर्यंत चालवत नेणे हे घातक : रक्तदाब घसरलेला असताना उभे राहिल्याने हृदयाकडे परतणारे रक्त एकदम कमी होते. म्हणून पेन मुलाकडे जाते, मूल पेनाकडे नाही. दुसऱ्या कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन करून ‘ॲनाफिलॅक्सिस’ हाच शब्द सांगावा. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरे पेन द्यावे. बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे. काही तासांनी लक्षणे पुन्हा उसळू शकतात.

पेन कुलपात ठेवू नये. किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका त्या दिवशी रजेवर असतो. ते खोलीच्या तापमानाला ठेवावे, फ्रीजमध्ये किंवा तापलेल्या बसमध्ये नाही. महिन्यातून एकदा मुदत आणि पेनावरच्या खिडकीतून द्रवाचा रंग पाहावा. तपकिरी वा गढूळ झाल्यास बदलावे. सहलीला मुलाबरोबर दोन पेने जावीत. ज्या मुलाची ॲलर्जी आधी ठाऊकच नव्हती त्याच्यासाठी शाळेचे सामायिक पेन उपयोगी पडते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना असे पेन चिठ्ठीशिवाय विकत घेता येते. कॅनडातील ओंटारियो प्रांतात तर शाळांना ॲनाफिलॅक्सिसचे धोरण आणि कर्मचाऱ्यांचे नियमित प्रशिक्षण बंधनकारक करणारा कायदा २००६ पासूनच लागू आहे.

प्रशिक्षण वर्गशिक्षकांपुरते ठेवू नये; खेळ-शिक्षक, बसचालक, स्वयंपाकघरातले कर्मचारी आणि बदली शिक्षकही त्यात हवेत. स्वयंपाकघरात एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते : सॅनिटायझरने हातावरची शेंगदाण्याची प्रथिने जात नाहीत, साबण आणि पाणीच लागते.