‘नाकात मांस वाढलंय’ : सिस्टिक फायब्रोसिसमधल्या नाक-सायनसच्या त्रासाची पार्श्वभूमी

सिस्टिक फायब्रोसिस हा आई-वडिलांकडून जनुकांतून येणारा आजार. १९३८ साली त्याचं पहिलं नीट वर्णन झालं, ते दगावलेल्या बाळांच्या स्वादुपिंडावरून. त्यातल्या पुटी (सिस्ट) आणि तंतूंवरूनच (फायब्रोसिस) नाव पडलं. फुप्फुसं नावात नसली तरी लवकरच लक्षात आली, कारण मुलं त्यांच्यामुळेच जात होती. नाकाकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

पुढचा धागा उन्हाचा आहे आणि आपल्याकडे तो चटकन समजेल. १९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हाने कोलमडून दवाखान्यात आलेल्या मुलांमध्ये याच आजाराची मुलं डोळ्यांत भरण्याइतकी होती. त्यातून १९५३मध्ये कळलं, की त्यांच्या घामात मीठ फार जातं. १९५९पासून घामाची तपासणी रुळली. मिठातलं क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर हा आजार जवळपास पक्का. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. अशा उन्हात मलूल पडणाऱ्या, अंगावर मिठाचे पांढरे डाग उमटणाऱ्या बाळाला नुसती ‘ऊन लागलं’ म्हणून घरी पाठवणं मला धोक्याचं वाटतं.

नाकातल्या पॉलिपचा, म्हणजे आतल्या अस्तराच्या मऊ, लोंबत्या फुगवट्याचा, या आजाराशी असलेला संबंधही १९५९च्याच सुमारास वैद्यकीय लेखनात आला. तरी तो आपल्या दवाखान्यांपर्यंत पुरता पोचलेला नाही, आणि त्याला बोलण्यातला एक शब्द बराच कारणीभूत आहे.

‘माले सायनस शे,’ असं खानदेशात कुणीही म्हणतं. सायनस म्हणजे कपाळ, गाल आणि नाकाच्या मुळाशी असलेल्या हवेच्या पोकळ्या. त्या सगळ्यांनाच असतात. बोलण्यात मात्र जिनिंगच्या धुळीने येणाऱ्या शिंका, सकाळचं डोकं दुखणं, नाकाचा वाकडा पडदा, जुनाट सर्दी, सगळं एकाच शब्दात जातं. त्याच्या जोडीला ‘हाड वाढलंय’ आणि ‘मांस वाढलंय’. यातलं ‘हाड’ बहुधा पडदा किंवा नाकाच्या आतले फुगलेले कोंब, आणि ‘मांस’ म्हणजे पॉलिप. मोठ्या माणसाच्या पॉलिपमागे बऱ्याचदा ॲलर्जी किंवा दमा असतो. सात-आठ वर्षांच्या पोराच्या दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप दिसले, तर घामाची तपासणी झालीच पाहिजे. एकाच बाजूचा एकटा पॉलिप बऱ्याचदा गालाच्या पोकळीतून उगवलेला असतो, त्याची गोष्ट वेगळी. पण घरात शब्द एकच, ‘मांस’. मग ते काढलं जातं, पुन्हा येतं, पुन्हा काढलं जातं. पोराचं वजन वाढत नाही, शौच तेलकट होतं, या याच आजाराच्या खुणा, पण हे नाकाच्या डॉक्टरला सांगायचं कुणाला सुचत नाही.

आत घडतं ते असं. पेशींतून क्लोराइडची ये-जा बिघडते, शेंबूड चिकट होतो, तो बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस हतबल होतात. कपाळातल्या पोकळ्या अनेकांत नीट तयारच होत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये जवळपास प्रत्येकाचे सायनस भरलेले दिसतात, त्यामुळे केवळ स्कॅन पाहून ऑपरेशन ठरवता येत नाही. त्रास किती, हेच पाहावं लागतं. १९८०च्या दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली आणि काम सुकर झालं, तरी पॉलिप परततात. सायनसमध्ये दबा धरलेले स्यूडोमोनाससारखे जंतू खाली फुप्फुसात उतरतात. म्हणून फुप्फुस बदलताना सायनसही साफ करावेत का, यावर अजून एकमत नाही.

१९८९मध्ये या आजारामागचं जनुक सापडलं. २०१२ आणि २०१९मध्ये क्लोराइडची ये-जा सांभाळणाऱ्या, मुळातच बिघडलेल्या प्रथिनावर काम करणारी औषधं आली; त्यांनी अनेकांचं नाकही मोकळं होतं, वास परततो. पण ‘गोऱ्यांचा आजार’ या समजुतीने इथे निदानच उशिरा होतं. ज्या जनुकबदलावर ही औषधं मुख्यतः बेतली आहेत, तो भारतीय रुग्णांत युरोपपेक्षा कमी आढळतो, आणि किंमत तर केळी-कापसावर चालणाऱ्या घराच्या आवाक्यातली नाहीच. त्यामुळे इथल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला येतं ते रोजचं मिठाच्या पाण्याने नाक धुणं, जलनेतीसारखंच, फक्त पाणी उकळून गार केलेलं आणि भांडं दरवेळी स्वच्छ धुऊन वाळवलेलं.