जडत्व: आठवी-नववीतला धडा

जडत्व म्हणजे वस्तू जशी आहे तशीच राहायला बघते तो तिचा गुण. थांबलेली असेल तर थांबूनच राहणार, चालत असेल तर त्याच वेगाने आणि त्याच सरळ रेषेत चालत राहणार, बाहेरून कोणी बल लावेपर्यंत. इंग्रजी मीडियमची पोरं याला इनर्शिया म्हणतात, जुन्या मराठी शास्त्रीय लिखाणात निरूढी असाही शब्द सापडतो, पण शाळेच्या पुस्तकांमुळे जडत्वच रुळलं. स्टेट बोर्डात आठवीला बल आणि दाब शिकताना याची ओळख होते आणि नववीत गतीच्या नियमांमध्ये ते परत भेटतं.

शब्द छान आहे पण त्यात एक फसगत लपलेली आहे. आपण 'जड' दोन अर्थांनी वापरतो, एक म्हणजे वजनदार आणि दुसरा म्हणजे निर्जीव, जागचं न हलणारं. पहिला अर्थ उपयोगी पडतो, कारण वस्तुमान जितकं जास्त तितकं जडत्व जास्त, टेनिस बॉल कोणीही सहज अडवतं पण तेवढ्याच वेगाने आलेला 160 ग्रॅमच्या आसपासचा लेदर बॉल हाताला झिणझिण्या आणतो. दुसऱ्या अर्थामुळे मात्र पोरांना वाटतं की जडत्व म्हणजे नुसतं पडून राहणं. योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने इनर्शिया हा लॅटिन शब्द भौतिकशास्त्रात आणला, त्याचा मूळ अर्थही आळसच, आणि वस्तूला ढकलणारं कोणी नसलं की ती आपोआप थांबते असंच त्यालाही वाटायचं. त्यामुळे आठवीतला पोरगा हीच चूक करतो तेव्हा त्याच्यावर चिडण्यात काही अर्थ नाही.

माझ्या मते हा धडा गतीच्या जडत्वापासून सुरू करायला पाहिजे, आणि नागपुरात त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही, घरचा कूलर पुरतो. मे महिन्यात रात्रभर चाललेला कूलर सकाळी बंद करून बघा. बटन दाबलं की मोटरची घरघर लगेच थांबते पण पंखा फिरतच राहतो, आधी नुसती गोल चकती दिसते, मग हळूहळू एकेक पातं वेगळं दिसायला लागतं, मग शेवटचा अर्धा फेरा घेऊन थांबतं. आता वर्गात विचारायचं, मोटर बंद आहे तर पंखा कोण फिरवून राहिलं? हमखास उत्तर येतं, "सर, आतमध्ये थोडा करंट शिल्लक असते." खरं तर कोणीच फिरवत नाही, विचारायचा प्रश्न हा की त्याला थांबवतं कोण. थांबवते ती हवा आणि बुशमधलं, म्हणजे पंख्याचा दांडा ज्या कड्यात फिरतो त्यातलं, घर्षण. सीझनच्या सुरुवातीला माळ्यावरून काढलेल्या कूलरचा पंखा बटन बंद केल्यावर लगेच अडखळून थांबतो, आणि बुशमध्ये ऑइलचे दोन थेंब सोडले की तोच पंखा बराच वेळ फिरतो. घर्षण कमी झालं तशी गती जास्त टिकली, मग घर्षण अजिबातच नसतं तर? (फिरणाऱ्या वस्तूचा पूर्ण हिशोब मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणून पुढे अकरावी-बारावीत येतो, आणि पातं सरळ न जाता गोल फिरतं कारण मधला दांडा त्याला धरून ठेवतो, पण मुद्दा इथेही तोच आहे.)

गॅलिलिओने नेमका हाच विचार केला, फक्त त्याच्याकडे उतरत्या पट्ट्या आणि गोळे होते. एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळपास तेवढ्याच उंचीवर जातो, चढ कमी तिरका केला तर ती उंची गाठायला जास्त लांब जातो, मग तो चढ पूर्ण आडवाच केला तर गोळ्याने थांबावं तरी कुठे? त्याआधी जवळपास दोन हजार वर्षं अॅरिस्टॉटलचं म्हणणं चालत होतं की गती हवी तर ढकलणारा हवाच. 1687 मध्ये न्यूटनने 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात हे गतीचा पहिला नियम म्हणून मांडलं. 1977 मध्ये सोडलेलं व्हॉयेजर 1 यान आजही इंजिनाच्या जोरावर न जाता सेकंदाला साधारण 17 किलोमीटर वेगाने पुढे चाललंच आहे.

जडत्वाचे तीन प्रकार पाठ करवून घेतात, विराम अवस्थेचं, गतीचं आणि दिशेचं, ते तिन्ही सीताबर्डीहून मेट्रोत उभ्याने गेलं तर एकाच फेरीत कळतात. गाडी सुटली की आपण मागे जातो, ब्रेक लागला की पुढे, वळणावर बाहेरच्या बाजूला. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी सरळ आणि एकसारख्या वेगाने जात असताना मात्र काहीच जाणवत नाही, तेव्हा नाणं वर उडवलं तर ते परत हातातच पडतं कारण आपल्याइतकाच वेग त्यालाही असतो.

इथेच सगळ्यात जास्त मार्क जातात. ब्रेक लागल्यावर "जडत्वाच्या बलाने प्रवासी पुढे फेकला जातो" असं लिहितात, पण जडत्व हे बल नाहीच. प्रवाशाला पुढे कोणी ढकललेलं नसतं, तो ज्या वेगाने जात होता त्याच वेगाने जात राहिला, गाडीचा वेग कमी झाला आणि त्याच्या पायांना फरशीने धरून ठेवलं, म्हणून वरचं अंग पुढे गेलं. कळमना मार्केटमध्ये संत्र्यांचा भरलेला ठेला ढकलणाऱ्या माणसाला हे अंगाने माहीत असतं, ठेला हलवायला जोर लागतो, एकदा चालला की हलका वाटतो, आणि समोर कोणी आलं तर त्याला आवरायला परत तेवढंच अंग टाकावं लागतं.

ग्लासवर पोस्टकार्ड, त्यावर पाचचं नाणं, टिचकी मारली की नाणं ग्लासमध्ये, हा प्रयोग सगळेच दाखवतात पण पुढचा अर्धा सोडून देतात. तेच कार्ड हळू ओढलं तर नाणं कार्डासोबत निघून येतं. नाणं तेच, जडत्वही तेवढंच, मग असं का? कार्ड आणि नाण्यामध्ये घर्षण दोन्ही वेळा असतं, टिचकीच्या वेळी कार्ड इतक्या लवकर सटकतं की घर्षणाला नाण्याला वेग द्यायला वेळच मिळत नाही, आणि हळू ओढताना तो भरपूर मिळतो.