पावती की मतपेटी : युनियनच्या ‘बहुमता’ची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळ शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात एखाद्या फौंड्रीतला (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातला) पगारवाढीचा करार संपत आला आणि कामगारांनी नवी युनियन आणली, की व्यवस्थापनाचा पहिला निरोप ठरलेला असतो : आधी बहुमत सिद्ध करा. ऐकणाऱ्याला वाटते, कायदाच तसे म्हणतो. पण महाराष्ट्रात पन्नास वर्षे ज्या कायद्याने मान्यता, म्हणजे सगळ्या कामगारांच्या वतीने बोलणी करण्याचा हक्क, मिळत आली, त्यात बहुमत हा निकषच नव्हता.

तो कायदा १९७१ चा. कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा हा राज्याचा कायदा; सगळे त्याला ‘एमआरटीयू’ म्हणतात. प्रत्यक्षात तो लागू झाला सप्टेंबर १९७५ मध्ये. जिथे ५० किंवा अधिक कामगार आहेत तिथे, अर्जाच्या महिन्याआधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सदस्य असतील, तर युनियन औद्योगिक न्यायालयात मान्यता मागू शकते. दावेदार एकाहून अधिक असतील तर जिचे सदस्य जास्त, ती मान्यताप्राप्त. म्हणजे शंभर कामगारांच्या कारखान्यात वर्गणीच्या बत्तीस पावत्यांवर मिळालेली मान्यता उरलेल्या अडुसष्ट जणांच्या पगाराचाही करार करू शकते. वर्गणी महिना किमान पन्नास पैसे असावी, एवढे कायद्याने सांगितले. सारा हिशेब पावतीपुस्तकाचा.

त्याआधीचे थोडक्यात. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने युनियनला नोंदणी दिली, मान्यता दिली नाही. मालकावर मान्यता बंधनकारक करणारी दुरुस्ती १९४७ मध्ये मंजूर झाली, पण ती कधीच अमलात आणली गेली नाही. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये वेगळी वाट धरली : एका भागातल्या एका उद्योगातले २५ टक्के कामगार ज्या संघटनेकडे, ती ‘प्रातिनिधिक’. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. ते मुंबई प्रांतात विलीन झाले १ मार्च १९४९ रोजी. त्यानंतर कापडगिरणी आणि साखर कारखान्याचा कामगार त्या कायद्याखाली आला, फौंड्रीचा पुढे १९७१ च्या. त्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन मोजपट्ट्या चालत राहिल्या. प्रातिनिधिकपणाचा अर्थ ज्यांची माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती अशा आजरा, चंदगड, भुदरगडच्या कितीतरी घरांना जानेवारी १९८२ पासून सोसावा लागला. मुंबईत गिरणी कामगार संपावर गेले, पण कायद्याने बोलणी करायचा हक्क होता दुसऱ्याच संघटनेला. कामगार एकीकडे, मान्यता दुसरीकडे.

एवढे दिसल्यावर गुप्त मतदानाचा आग्रह वाढणे स्वाभाविक होते. म्हणूनच १९९० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नीट समजून घेतला पाहिजे. मान्यता कुणाची हा प्रश्न युनियननी आपसात ठरवून गुप्त मतदानाने सोडवणे १९७१ च्या कायद्यात बसत नाही, असे त्यात ठरले. कायद्याला हवे आहे सहा महिने टिकलेले सदस्यत्व; मतदान दाखवते त्या एका दिवसाचा कौल, आणि मत देणारा त्या युनियनचा सदस्य असेलच असे नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. करार वर्षानुवर्षे पाळायचा असतो. गेटवरच्या एका गरम सभेवर तो उभा करता येत नाही.

पण मोल्डिंग शॉपमधल्या, म्हणजे साचे बनवणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहा. पावती फाडताना त्याचे नाव लागते. मान्यतेच्या अर्जाची नोटीस व्यवस्थापनालाही जाते, सदस्यत्वावर आक्षेप येतात, आणि ज्याच्या हाती शिफ्ट, ओव्हरटाइम आणि बदली आहे, त्याला कोण कुणाकडे आहे याचा अंदाज येतो. शिवाय दोन्ही युनियनच्या पावत्या खिशात असलेला कामगार आपल्याकडे नवा नाही. एक भीतीपोटी घेतलेली, दुसरी मनापासून. यातली मनापासूनची कोणती, हे पडताळणी सांगू शकत नाही. मतपेटी सांगू शकते. सर्वोच्च न्यायालयानेच १९९५ मध्ये, एका केंद्रीय महामंडळाच्या प्रकरणात, सर्वात मोठी युनियन गुप्त मतदानाने कशी ठरवावी याची तपशीलवार पद्धत घालून दिली. तिथे १९७१ चा कायदा आड येत नव्हता. महाराष्ट्रातल्या खासगी कारखान्याला मात्र १९९० चाच निकाल लागू राहिला, आणि मान्यतेचे अर्ज रेंगाळत राहिले.

२००१ मध्ये दुसरी गाठ पडली. मालक-कामगार नातेच मालक नाकारत असेल, तर कंत्राटी कामगारांची तक्रार १९७१ च्या कायद्याखाली चालणार नाही, असे निकाल आले. त्यामुळे कंत्राटी कामगार कारखान्याचे म्हणून मोजायचे की नाही, म्हणजे टक्केवारी कशाची, हा प्रश्न टक्केवारी किती याहून मोठा झाला.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत खरे बहुमत पहिल्यांदा आले. ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडे, ती एकमेव वाटाघाटी करणारी. तसे कुणाकडेच नसेल तर वाटाघाटी परिषद; तिच्यात किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनचे प्रतिनिधी, दर २० टक्क्यांमागे एक. या संहितेने तीन केंद्रीय कायदे रद्द केले. त्या यादीत महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा नाही. आणि निकष हजेरीपटाचा आहे, तर फेटलिंगला (ओतलेल्या भागांच्या साफसफाईला) कंत्राटदारामार्फत आलेल्या पोरांची हजेरी कंत्राटदाराच्या वहीत लागते, कारखान्याच्या नाही.