साध्या फ्रीजमधली लस आणि बीजिंगची मुत्सद्देगिरी

मे 2021 मध्ये बांगलादेश मोठ्या पेचात सापडला होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी कोविशिल्डच्या 3 कोटी डोसांचा करार झाला होता. त्यातले 70 लाखच पोचले. आपल्याकडे दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि तिकडे पहिला डोस घेतलेले लाखो लोक दुसऱ्यासाठी ताटकळत राहिले. 12 मे रोजी सायनोफार्मचे 5 लाख डोस चीनकडून भेट म्हणून ढाक्यात उतरले. दोनच दिवस आधी चिनी राजदूत ली जिमिंग यांनी जाहीर बजावलं होतं, की बांगलादेश भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या ‘क्वाड’ गटात गेला तर दोन्ही देशांच्या संबंधांचं मोठं नुकसान होईल. आमचं परराष्ट्र धोरण आम्हीच ठरवतो, असं परराष्ट्रमंत्री अब्दुल मोमेन यांनी सुनावलं खरं, पण लस घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

चीनला हे जमलं, त्यात लसीच्या घडणीचा वाटा फार मोठा आहे. सायनोफार्म आणि सायनोव्हॅक, दोन्ही लसी निष्क्रिय केलेल्या विषाणूच्या. माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या ‘व्हेरो’ पेशींत विषाणू वाढवायचा, बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनाने त्याची वाढण्याची ताकद संपवायची आणि प्रतिकारशक्ती नीट चेतावी म्हणून ॲल्युमिनियमचा क्षार मिसळायचा. रेबीजची लस आणि आपली कोवॅक्सिन याच घराण्यातल्या. अशी लस 2 ते 8 अंश सेल्सिअसला टिकते, म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआरमध्येही (लसी ठेवायच्या बर्फाच्या अस्तराच्या फ्रीजमध्ये). फायझरच्या लसीला तेव्हा उणे 70 अंश लागत. गरीब देशांना बाळांच्या लसींसाठी उभारलेली शीतसाखळीच वापरता आली.

लस ही जागतिक सार्वजनिक संपत्ती असेल, असं शी जिनपिंग यांनी मे 2020 मध्ये जागतिक आरोग्य सभेत सांगितलं होतं. प्रत्यक्षात बहुतेक डोस विकले गेले. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता सायनोफार्मला 7 मे 2021 ला मिळाली. सर्बियाला 10 लाख डोस जानेवारीतच पोचले होते आणि राष्ट्राध्यक्ष वुचिच स्वतः बेलग्रेडच्या विमानतळावर हजर होते.

मला सगळ्यात खटकतो तो चाचण्यांच्या आकड्यांचा कारभार. सायनोव्हॅकची परिणामकारकता तुर्कस्तानात 83.5 टक्के, तर ब्राझीलमध्ये 50.38 टक्के निघाली. ब्राझीलमधले स्वयंसेवक आरोग्य कर्मचारी होते, सतत रुग्णांच्या सान्निध्यात. शिवाय तिथे अगदी सौम्य लक्षणंही मोजली गेली. हा फरक समजण्याजोगा होता. पण माहिती तुकड्यातुकड्याने, उशिरा बाहेर आली आणि गंभीर आजारापासून चांगलं संरक्षण देणाऱ्या लसीवर विनाकारण संशय बसला.

वयस्कांमध्ये मात्र हे संरक्षण खरोखरच तोकडं पडत होतं. ऑक्टोबर 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी, या दोन्ही लसी घेतलेल्या साठीपुढच्या लोकांना तिसरा डोस द्यावा, असं सांगितलं. सायनोव्हॅकवर मोठी भिस्त ठेवलेल्या इंडोनेशियाने तोवर आरोग्य कर्मचाऱ्यांना तिसरा डोस द्यायला सुरुवातही केली होती, आणि तो अमेरिकेच्या मॉडर्नाचा होता.