युकुलेलेचं ओझं कोणी उचलायचं?

युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, पहिल्यांदा हातात घेतलेल्या कोणाचाही डावा हात बघा. अंगठा मानेमागे इतका आवळलेला असतो की नख पांढरं पडतं. मनगट वाकडं झालेलं असतं, आणि एका कॉर्डवरून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवरून, दुसरीवर जायची वेळ आली की वाद्याचं डोकं खाली झुकतं. बहुतेक शिकवणारे सांगतात, सराव कर, जमेल. मला ते अर्धंच पटतं. सरावाने बोटं तयार होतात, पण वाद्याचं वजन चुकीच्या जागी पडत असेल तर सराव त्या चुकीचाच होतो.

थोडा हिशेब मांडू. टेनर आकाराचं युकुलेले साधारण २६ इंच लांब असतं. त्याचं वजन ६०० ग्रॅम धरू. उभं राहून, पट्टा न लावता वाजवताना उजव्या हाताची कोपरापुढची बाजू वाद्याला छातीशी दाबून धरते. हा झाला टेकू. वाद्याचा गुरुत्वमध्य या टेकूपासून १५ सेंमी पुढे, मानेच्या दिशेला आहे असं समजू. डावा हात पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी पट्टी), टेकूपासून ४५ सेंमीवर. तरफेच्या नियमाप्रमाणे ६०० गुणिले १५ भागिले ४५, म्हणजे डाव्या हातावर २०० ग्रॅम येतात. एवढं तर लहान पोरही उचलेल.

खरी अडचण पुढे आहे. वरचे सूर वाजवायला हात सातव्या फ्रेटपाशी आला की टेकूपासूनचं अंतर ३३ सेंमीच्या आसपास उरतं आणि तेच ओझं सुमारे २७० ग्रॅम होतं. कॉर्ड बदलताना हात क्षणभर सुटला तर तिथला आधार शून्य. म्हणजे ज्या हाताने सतत जागा बदलायची, त्याच्यावरचं वजनही सतत बदलत राहतं. म्हणून अंगठा घाबरून आवळतो. आवळलेल्या हाताची बोटंही तार गरजेपेक्षा जोरात दाबतात, तार ताणली जाते आणि सूर चढतो. वाद्य नीट लावलेलं असूनही कॉर्ड बेसूर का येते, याचं कारण पुष्कळदा इथे सापडतं.

आमच्याकडे बंडीत कापूस भरणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. ओझं पुढे जास्त झालं तर जू बैलांच्या मानेवर बसतं, मागे जास्त झालं तर बंडी उलाळ होते. वजन आसाच्या आसपास तोलून भरलं की बैल मोकळे चालतात. युकुलेलेतही गुरुत्वमध्य आधी शोधावा. एक बोट आडवं धरून त्यावर वाद्य तोलायचं, जिथे ते आडवं स्थिर राहील तिथे खूण लक्षात ठेवायची. लोखंडी गिअरच्या खुंट्या असलेल्या वाद्यात ही जागा मानेकडे सरकलेली सापडते. जुन्या युकुलेलेंना लाकडी खुंट्या असत, त्यामुळे डोकं हलकं राही. १८७९ साली मदेरा बेटावरून रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजाने होनोलुलूत उतरलेल्या मान्युएल नुनेश, अवगुश्तु दियाश आणि जुझे दु एश्पिरितु सांतु या सुतारांनी हे वाद्य हवाईत घडवलं. ते छोटं होतं, हलकं होतं, आणि छातीशी धरून पट्ट्याशिवाय वाजवलं जाई. आजही २१ इंचाच्या छोट्या सोप्रानो आकाराला पट्टा लागतोच असं नाही. टेनर आणि त्याहून मोठ्या बॅरिटोनला मात्र मी पट्टा लावायलाच सांगतो.

पट्ट्याशिवाय वाद्य हवेत टिकतं ते घर्षणावर. एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला छाती, मधे गुळगुळीत पॉलिश. सुती सदऱ्यावर ते बऱ्यापैकी धरतं, नायलॉनच्या टी-शर्टवर सरकतं. मग माणूस हात आणखी दाबतो, आणि इथे आवाजाचा प्रश्न सुरू होतो.

तारेचं कंपन घोडीतून तबलीत, म्हणजे वाद्याच्या पुढच्या फळीत, जातं आणि तबली हवा हलवते. तार स्वतः इतकी बारीक असते की एकटीने ती फारच थोडी हवा हलवू शकेल. तबली घोडीच्या आसपास सर्वांत जास्त हलते आणि कडेला, जिथे ती बाजूच्या फळीला चिकटवलेली असते तिथे, जवळजवळ हलत नाही. म्हणून हात ठेवायचा तो कडेवर. घोडीच्या मागे मधोमध दाबला तर आवाज बसतो. पाठीच्या फळीचंही तसंच आहे. ती पोटाला चिकटली की तिचं कंपन अंगातल्या मऊ भागात जिरून जातं. पडताळा घरीच घेता येतो. युकुलेले डोक्याकडून दोन बोटांत लटकतं धरा, मोकळ्या तारा छेडा आणि आवाज विरेपर्यंत ऐका. मग तेच पोटाशी घट्ट धरून छेडा. फरक मोजायला घड्याळ लागत नाही. पाठीची फक्त वरची कड छातीला टेकवून खालची बाजू थोडी सुटी ठेवली तर आवाज पुष्कळ वाचतो.

आता बसण्याचं बघू, कारण पुस्तकांतला सल्ला खुर्चीवर बसणाऱ्यासाठी असतो आणि आपल्या गावात वाजवणं सतरंजीवर होतं. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात सामुदायिक प्रार्थना आटोपली की मुलं देवळाच्या ओट्यावर वाद्य घेऊन बसतात. त्यातली आठवीतली एक मुलगी मांडी घालून वाजवत होती. दर चार-सहा ठोक्यांनी तिला वाद्य वर ओढावं लागे. ती म्हणाली, "सर, हे तं घसरूनच रायलं जी." तिची मांडी खाली होती आणि हात वर, मधे वाद्याला बूडच नव्हतं. त्यातच मांडी घातल्यावर कंबर मागे कलते, पाठ वाकते आणि पोट वाद्याच्या पाठीला लागतं. तिला घडी केलेल्या चादरीवर बसवलं, उजवा गुडघा उभा करायला लावला आणि वाद्याची खालची कड मांडीच्या मुळाशी टेकवली. टेकू गुरुत्वमध्याच्या खाली आल्याबरोबर डाव्या हातावरचं वजन जवळपास संपलं. तिने डावा हात सोडून बघितला, वाद्य जागच्या जागी राहिलं. मग ती सी कॉर्डवरून जी सेव्हन कॉर्डवर गेली तेव्हा अंगठा मानेमागे नुसता टेकलेला होता, नखाचा रंगही बदलला नाही.

उभ्याने वाजवण्याचा उत्तम नमुना आपल्याकडे आधीपासून आहे. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्रीसुद्धा. वजन गळ्यातल्या पट्ट्यावर असतं, एक हात वीणा सावरतो, दुसरा तार छेडतो. तिथे सूर बदलायचा नसतो, म्हणून सावरणारा हात जागेवर राहू शकतो. युकुलेलेत तो हात मोकळा हवा, तेव्हा पट्ट्याचं काम अधिक चोख असायला हवं.

बाजारात एक आकड्याचा पट्टा मिळतो. तो गळ्यातून येऊन वाद्याच्या खालून वळतो आणि आकडा तबलीच्या भोकात अडकतो. भोक पाडावं लागत नाही, म्हणून लोकांना आवडतो. पण तो वाद्याला फक्त खालून उचलतो, वरून काहीच धरत नाही. दोन्ही हात सोडले की वाद्य पुढे कलंडून पडतं. लहान मुलांना मी तो देत नाही. दोन बटणांचा पट्टा खरा: एक बटण बुडाशी, दुसरं मान जिथे वाद्याच्या पोकळ पेटीला जोडलेली असते त्या टाचेवर. गुरुत्वमध्य या दोन्हींच्या मधे असेल तर वाद्य आपोआप आडवं राहतं. डोकं जड असून तो टाचेच्या पुढे गेला असेल, तर दुसरं टोक टाचेऐवजी डोक्याशी, तारांच्या खालून नाडीने बांधावं.

बटण बसवताना घाई नको. पेटीची बाजूची फळी साधारण दोन मिलिमीटरची असते, तिच्यात स्क्रू धरत नाही. बुडाशी आणि टाचेशी आत लाकडाचा ठोकळा असतो, स्क्रू तिथेच जायला हवा. आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून घ्यावं, नाहीतर लाकूड तडकतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात वाळलेलं लाकूड तर लवकरच तडकतं. घसरू नये म्हणून काही जण सायकलच्या ट्यूबचा तुकडा पाठीला चिकटवतात. तो धरतो चांगला, पण काही पॉलिशांवर रबराचा काळा डाग कायमचा बसतो. त्यापेक्षा वाजवताना मांडीवर सुती दुपट्टा घ्यावा.